तुम्ही विचारलंत म्हणून: ती दिसायला कशी आहे?

‘तुमच्या कथांमधली माणसं बोलतात, भांडतात, रडतात, पण दिसत नाहीत. तुम्ही त्यांचं वर्णन का करत नाही?’ कार्यक्रम संपला की हा प्रश्न येतो, पत्रांतून येतो, आता घरातली माणसंही विचारू लागली आहेत. इतके दिवस थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

मी वर्णन करते. भरपूर करते. ‘ती सुंदर होती’ या वाक्यात मला ती कुठेच सापडत नाही, लिहिणाऱ्याचं मत तेवढं सापडतं. ‘निघताना तो दाराची कडी दोनदा ओढून बघतो’ हे मात्र मी वर्णनच समजते. त्याची उंची तुम्हाला कळली नाही, पण त्याच्यासोबत प्रवासाला निघालात तर काय होईल ते कळलं.

उपमा लिहिण्याआधी ती कोणाच्या डोक्यात आली, हे मी ठरवते. शिंप्याला समोरच्याचा उतरता खांदा आधी दिसेल, शिक्षिकेला त्याचं अर्धवट सोडलेलं वाक्य खटकेल. समोरचा माणूस तर उभा राहतोच, पण शिंपी आणि शिक्षिकाही त्याच वाक्यात उभी राहतात. शाळेत उपमा, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती ओळखून गुण मिळवायला शिकवतात. तो अलंकार कोणाच्या तोंडी आहे हे कोणी विचारत नाही. ‘रिकामी खुर्ची त्याची वाट पाहत होती.’ खुर्चीत जीव आला हे खरं, पण वाट पाहणारं माणूस खोलीत वेगळंच आहे आणि ते कबूल करायला तयार नाही. माझ्यासाठी पात्र तिथे घडतं.

आता या प्रश्नाचा मला राग का येतो ते सांगते.

फार पूर्वी मी एक कथा लिहिली. मोठा झालेला मुलगा आईबद्दल सांगतो आहे. आई त्यात सतत पाठमोरी येते: वाकलेली, काहीतरी उचलणारी, त्याच्या पुढे चालणारी. मुलाला तिच्या टाचा आठवतात, कोपरं आठवतात, मानेवर सुटलेले केस आठवतात. चेहरा कथेत येत नाही, कारण त्याने तो कधी नीट पाहिलेलाच नाही, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नाही. शेवटी तिची ओळख पटवायला त्याला बोलावलं जातं. तो चादरीजवळ उभा राहतो. चादर दूर होण्याआधी कथा संपते.

एका संपादकांनी ती स्वीकारली. अंक हातात आला तशी मी उभ्याउभ्याच वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर आई वळून मुलाकडे पाहत होती. तिचे डोळे टपोरे आणि पाणीदार होते, नाक चाफेकळीसारखं होतं. सगळी मिळून दोन वाक्यं. आपणच लिहून विसरलो की काय, म्हणून मी माझी प्रत काढून पाहिली. त्यात ती नव्हती. मग शेवट वाचला. मुलगा चादरीजवळ उभा होता आणि त्याच्या उभं राहण्यात आता काही उरलं नव्हतं. ज्याने ते डोळे पाहिलेत, त्याला ओळख पटवायला अडचण कसली?

मी फोन केला. ते सौजन्याने बोलले. ‘अहो, बाई दिसतच नव्हती. वाचकाला धरायला काहीतरी हवं ना?’

‘ती दिसत नाही, हीच तर कथा आहे.’

‘ते तुम्हाला ठाऊक. वाचकाला कसं कळणार?’

उत्तर होतं माझ्याकडे. मुलगा एकदाही ‘तिने माझ्याकडे पाहिलं’ असं म्हणत नाही, वाचकाला ते हळूहळू टोचायला लागतं, हे मला सांगायचं होतं. आवाजच फुटेना. फोन ठेवून मी खूप रडले.

त्यानंतर पत्रं आली. लोकांना कथा आवडली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या आईचे डोळे अगदी असेच होते.’ त्या पत्राला काय उत्तर द्यायचं मला कळलं नाही. मी दिलं नाही. पत्र अजून जपून ठेवलेलं आहे.

तेव्हा मी ठरवलं, चेहरा लिहायचाच नाही. जिथे बोलावतील तिथे मोठ्या त्वेषाने सांगायचे, अलंकार घालू नका, माणूस आहे तसा दाखवा. त्या वेळच्या मला आज अडवावंसं वाटतं, कारण संस्कृत काव्यशास्त्रात हा वाद फार जुना आहे आणि तिने तो एका फटक्यात मिटवून टाकला होता. ‘सूर्य मावळला, चंद्र उगवला, पक्षी घरट्याकडे निघाले’ हे उदाहरण देऊन भामहाने विचारलं, हे कसलं काव्य, ही तर नुसती वार्ता. दंडीने स्वभावोक्तीला, म्हणजे वस्तू आहे तशी साक्षात उभी करण्याला, अलंकारांत पहिलं स्थान दिलं. पुढे कुंतकाने ते खोडून काढलं: स्वभाव हे शरीर, तेच अलंकार ठरलं तर सजवायचं काय? स्वतःच्याच खांद्यावर कोणी चढत नाही.

मी स्वतःला दंडीच्या बाजूची समजत होते. पण टाचा निवडणं आणि चेहरा झाकून ठेवणं ही कुंतकाची वक्रता, म्हणजे सरळ न सांगता वळण देऊन सांगणंच, नाही का? मग संपादकांनी त्यांचा अलंकार घातला आणि मी माझा, एवढाच फरक? हे मी मानत नाही. माझी निवड त्या मुलाच्या नजरेतून आली होती. चाफेकळी नाक त्याने पाहिलेलं नव्हतं; ते त्याच्या जन्माआधी लिहिलेल्या असंख्य कथांमधून आलं होतं. तरी त्या बाईंनी त्याच झिजलेल्या शब्दांत स्वतःची आई पाहिली, त्याचं काय करू? हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

आता मी चेहरे अगदीच टाळत नाही. सध्याच्या कथेत एका म्हाताऱ्याच्या भुवया आहेत, कारण नात त्याच्या मांडीवर बसते आणि तिथून तिला भुवयाच सगळ्यांत जवळ दिसतात. त्याच म्हाताऱ्याकडे मुलगा पाहतो तेव्हा भुवया नाहीत, औषधाच्या वेळा आहेत. यावरही कोणीतरी विचारेलच, ‘पण तो दिसायला कसा आहे?’

पाठमोऱ्या आईची कथा संग्रहात घेताना ती दोन वाक्यं मी काढून टाकली. त्या बाईंनी संग्रह वाचला असेल तर ते डोळे त्यांना सापडले नसतील. कधीकधी वाटतं, त्यांना लिहावं, माफी मागावी. मग वाटतं, कशाबद्दल?