रौप्यमहोत्सवाचं दुसरं रीळ

सातपूरच्या ज्या कंपनीत वडील टर्नर होते, तिच्या रौप्यमहोत्सवावर फिल्म काढली होती. १६ एमएम, रंगीत, आवाजासकट. कॉलनीच्या मैदानात पडदा बांधून ती दाखवली, आणि नंतर कुणाच्या नजरेस पडली नाही. माझं नाशिकरोडला लग्नाच्या शूटिंगचं दुकान. त्यामुळे निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपने हा शोध आपसूक माझ्या गळ्यात घातला.

कंपनीचे मालक मधल्या काळात बदललेत. ऑफिसातल्या मुलीने मनापासून कपाटं उपसली, पण हाती लागली ती स्मरणिका: अध्यक्षांचं भाषण, मंत्र्यांचा संदेश, बाकी जाहिराती. स्टोअरमधून निवृत्त झालेल्या एकाने मग खरं काय ते सांगितलं. डबे भंगारात गेले. फिल्ममधून चांदी निघते म्हणून भंगारवाले ती वजनावर घ्यायचे. आता गंमत अशी, की चांदी असते ती काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये. रंगीत प्रिंट धुतानाच चित्रातली चांदी निघून जाते, मागे नुसता रंग उरतो. म्हणजे आमचा रौप्यमहोत्सव गेला तो जवळजवळ फुकटच.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पण तिथे कुणी नेऊन दिलं तर सापडणार ना! म्हणून फिल्म बाजूला ठेवून मी तिच्या बिलामागे लागलो. त्या काळी गिऱ्हाइकाला प्रिंट मिळायची, निगेटिव्ह बहुतेक वेळा लॅबकडेच राहायची. जुन्या हिशेबात मुंबईच्या लॅबचं नाव मिळालं. लॅब कधीच बंद पडली होती.

शेवटी पत्ता लागला तो सिडकोत. त्या रात्री प्रोजेक्टर चालवणारे काका वडिलांच्याच खात्यातले. माळ्यावरून त्यांनी गंजलेला डबा काढला.

"काका, हा तुमच्याकडे कसा?"

"अरे, परत करायलाच गेलो होतो. साहेब म्हणाले, सोमवारी आणा. साहेबांचा सोमवार काही उगवला नाही."

झाकण उचकटलं तर चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा भपकारा. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने, दमटपणाने कुजायला लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि तेच ॲसिड कुजण्याचा वेग वाढवतं. काका प्रोजेक्टर मागवायला निघाले होते, मी हात धरला. अशी फिल्म आकसलेली असते. भोकं दात्यांवर बसत नाहीत, टराटरा फाटते.

हातानेच थोडी उलगडून ट्यूबलाइटसमोर धरली. एका कडेला भोकं, दुसऱ्या कडेला आवाजाची नागमोडी पट्टी. रंग उडून सगळं गुलाबी झालेलं, माणसं, झाडं, आकाशसुद्धा. भिंगातून पाहिलं तर रस्सीखेच. मशीन शॉपचा संघ पार मागे कललेला, एकाच्या पायातली चप्पल सुटून पुढे पडलेली. दोन-तीन फूट पुढे कँटीनची रांग, स्टीलच्या ताटांत जिलेबी, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं बजावलेलं असूनही थेट कॅमेऱ्याकडे बघणारा वाढपी. स्मरणिकेत यातलं काहीसुद्धा नाही.

पांडवलेण्याच्या पायथ्याचं फाळके स्मारक काकांच्या घरापासून फार लांब नाही. नाशकात फिल्म कंपनी चालवलेल्या त्या माणसाच्याही बहुतेक फिल्म आज उरलेल्या नाहीत, तिथे आमच्या जिलेबीची काय कथा!

४०० फुटांचं रीळ, म्हणजे जेमतेम ११ मिनिटं. दातेरी चाकाशिवाय फ्रेमफ्रेम स्कॅन करणारी मशीन मुंबईत आहे. ग्रुपवर वर्गणी सुरू झालीय. वर्गणीपेक्षा चप्पल कुणाची यावरच वाद जास्त चालू आहे.

पहिलं रीळ अजून बेपत्ता आहे. सातपूर-अंबडच्या जुन्या कामगारांच्या घरी असा डबा असेल तर कृपा करून प्रोजेक्टरवर चढवू नका. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधूनही ठेवू नका, वास बाहेर जाऊ द्या, आणि दुसऱ्या रिळांपासून लांब, थंड-कोरड्या जागी ठेवा.

दुसरं रीळ काका द्यायला तयार आहेत, पण कुरिअरने नाही. डबा मांडीवर घेऊन मी स्वतः मुंबईला येणार, म्हणतात. पंचवटी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढतोय, खिडकी त्यांना.