वर्डमधून पीडीएफ करताना हरवणारी बेरीज

खर्चाच्या परताव्याचा एक अर्ज माझ्याकडे सांभाळायला आला, तेव्हा तो वर्डमध्ये होता. लोकांना तो पीडीएफमध्ये हवा होता, आणि तोही असा की रकमा भरत गेले की खालची बेरीज आपोआप यावी. पहिल्यांदा मी सरळ मार्ग धरला. पीडीएफ तयार केली, ती पीडीएफ संपादित करण्याच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडली, बेरजेच्या चौकटीला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या दोन ओळींची स्क्रिप्ट जोडली आणि फाइल पाठवून दिली. आठवडाभरात अर्जातले एक वाक्य बदलायची सूचना आली. वाक्य वर्डमध्ये बदलले, पुन्हा पीडीएफ केली आणि बेरीज गायब! स्क्रिप्ट होती ती जुन्या पीडीएफमध्ये, मूळ दस्तऐवजाला तिचा पत्ताच नव्हता. त्यामुळे दर दुरुस्तीनंतर पहिले पाढे पंचावन्न. सहाव्या वेळी मी एका चौकटीची स्क्रिप्ट जोडायला विसरलो आणि चुकीच्या बेरजेचे अर्ज परत येऊ लागले, तेव्हा हे काम हाताने करण्याचे नाही, हे मान्य करावे लागले.

वर्डमध्येच मॅक्रो, म्हणजे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहून ठेवला तर तो पीडीएफमध्ये उतरेल, अशी पुष्कळांची समजूत असते, माझीही होती. तसे होत नाही. वर्डचे मॅक्रो व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत असतात आणि ते वर्डच्या बाहेर चालत नाहीत. पीडीएफला समजते ती जावास्क्रिप्ट, आणि तीही फॉर्म, चौकटी व पाने यांच्या स्वतःच्या शब्दसंग्रहासह. अडोबीने १९९३ साली आणलेल्या या स्वरूपात भरता येणारे फॉर्म १.२ या आवृत्तीत आले आणि जावास्क्रिप्टची कृती १.३ मध्ये. शिवाय वर्डच्या स्वतःच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ केली, तर भरण्याच्या जागासुद्धा साध्या मजकुरासारख्या सपाट होतात. म्हणजे स्क्रिप्ट लावायची कोणाला, हाच प्रश्न उरतो.

जुन्या मंडळींची यावर एक सुरेख युक्ती होती. वर्डमध्ये ‘प्रिंट’ नावाचे एक फील्ड, म्हणजे मजकुरात दडवलेली आज्ञा, असते, आणि त्यात पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत लिहिलेला मजकूर पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे जसाच्या तसा जातो. त्या मजकुरात ‘पीडीएफमार्क’ या आज्ञा लिहिल्या, तर पुढे डिस्टिलर किंवा गोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम पीडीएफ बनवताना त्या वाचून बुकमार्क, दुवे आणि स्क्रिप्टसुद्धा जोडत असे. मला ही कल्पना अजूनही आवडते, कारण सूचना मूळ दस्तऐवजातच राहत होती. पण थेट पीडीएफ साठवण्याचा मार्ग प्रिंटरवरून जातच नाही, आणि तिथे हे फील्ड मुकाट्याने गळून पडते.

शेवटी मी काम दोन टप्प्यांत विभागले. अर्ज लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये आणला, भरण्याच्या चौकटी तिथे ठेवल्या आणि प्रत्येक चौकटीला अर्थपूर्ण नाव दिले. रायटर खिडकी न उघडता, आज्ञेवरून पीडीएफ बनवतो आणि चौकटींची नावे पीडीएफमध्ये नेतो. दुसऱ्या टप्प्यात पायथन भाषेतला एक छोटा प्रोग्राम पाइकपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या तयार संचाच्या मदतीने ती फाइल उघडतो, स्क्रिप्टच्या वेगळ्या फाइलमधून ‘या नावाच्या चौकटीला ही स्क्रिप्ट’ असा तक्ता वाचतो आणि जोडणी करतो. तक्त्यातले एखादे नाव पीडीएफमध्ये सापडले नाही, तर प्रोग्राम काहीही न लिहिता थांबतो. ही अट मी नंतर घातली. कोणीतरी चौकट पुसून नवी ठेवली होती आणि तिचे नाव रायटरने आपल्या मनाने दिले होते. अर्जदाराचे नाव दोन्ही पानांवर एकदमच उमटावे, म्हणून दोन चौकटींना एकच नाव दिले असेल, तर पीडीएफ करताना ‘दुबार नावे चालतील’ हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर रायटर त्यांना वेगवेगळी नावे देतो आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो मात्र बेरजेतच. बेरजेच्या चौकटीला हिशेबाची स्क्रिप्ट जोडली, फाइल तपासली, स्क्रिप्ट जागेवर होती, भाषेची चूकही नव्हती, आणि तरीही रकमा भरल्यावर काहीही हलत नव्हते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये हाताने जोडलेली तीच स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. दोन्ही फाइलींचे आतले रूप शेजारी-शेजारी ठेवून वाचल्यावर फरक दिसला. पीडीएफच्या फॉर्मला ‘सीओ’ (कॅल्क्युलेशन ऑर्डर, म्हणजे हिशेबाचा क्रम) नावाची एक यादी लागते आणि हिशेब करणारी चौकट त्या यादीत नसेल, तर तिचा हिशेब कोणी विचारतच नाही. अ‍ॅक्रोबॅट ही यादी आपली आपण भरतो, म्हणून हाताने काम करताना तिचे अस्तित्वही कळत नाही. यादीतील क्रमालाही अर्थ आहे. माझ्या अर्जात प्रवास, निवास आणि इतर अशा तीन उपबेरजा होत्या आणि मी एकूण बेरीज यादीत सर्वांत आधी टाकली होती. परिणामी एकूण रक्कम नेहमी एक पाऊल मागे राहत असे. निवासाची रक्कम बदलली, की निवासाची उपबेरीज लगेच बदलायची, पण एकूण बेरीज बदलायची ती त्यानंतर दुसरे काही भरल्यावर.

देवनागरी संदेशांनी वेगळाच त्रास दिला. तारीख चुकली तर ‘तारीख पुन्हा तपासा’ असे सांगणारी खिडकी उघडायची होती. उघडली, पण तिच्यात निरर्थक चिन्हांची रांग होती. मी स्क्रिप्ट यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या बाइट्समध्ये थेट लिहिली होती आणि पीडीएफ २.० पूर्वीच्या नियमांत मजकुरासाठी ती सोयच नाही. तिथे एक तर पीडीएफची स्वतःची लॅटिन संकेतप्रणाली किंवा सुरुवातीला खूण असलेली यूटीएफ-१६. आता मी स्क्रिप्टमधील प्रत्येक देवनागरी अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहून घेतो. वाचायला ते भयंकर दिसते, पण ते प्रोग्रामच लिहितो, मी नाही.

आपोआप जोडता येते, म्हणून काय काय जोडावे याचा मोह आवरावा लागतो. फाइल उघडताच छपाईची खिडकी समोर आणणारी स्क्रिप्ट एका ओळीत लिहिता येते, आणि अशी फाइल पाठवणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पीडीएफमधील जावास्क्रिप्टचा गैरवापर करून केलेले हल्ले बरेच झाले असल्यामुळे काही ठिकाणी ई-मेलच्या चाळण्या अशा फाइली अडवतात, आणि कायम जतन करण्याच्या पीडीएफ/ए या प्रकारात तर स्क्रिप्टला मुळीच परवानगी नाही. त्यामुळे दप्तरी ठेवायची प्रत मी स्क्रिप्ट जोडण्याआधीच्या टप्प्यावरूनच बनवतो. डिजिटल स्वाक्षरी असेल, तर ती स्क्रिप्ट जोडून झाल्यावरच करावी लागते, कारण स्वाक्षरीनंतर केलेला बदल पडताळणीत उघडा पडतो.

फाइल कोण कशात उघडेल, हेही आपल्या हातात नसते. फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीपासून फॉर्ममधली जावास्क्रिप्ट चालवायला सुरुवात केली. अ‍ॅपलच्या प्रिव्ह्यूमध्ये ती चालतच नाही. माझ्या अर्जात बेरजेची चौकट फक्त वाचनासाठी ठेवलेली होती, म्हणजे कोणी तिच्यात हाताने आकडा घालू नये. पण जिथे स्क्रिप्ट चालत नाही तिथे ती चौकट रिकामीही राहायची आणि भरताही यायची नाही. त्यावर एका अर्जदाराने समासात पेनाने बेरीज लिहून अर्ज दिला आणि तो नियमबाह्य म्हणून परत आला. मी आता उलटी व्यवस्था केली आहे. चौकट मुळात मोकळीच असते आणि फाइल उघडताना चालणारी स्क्रिप्ट तिला कुलूप लावते. स्क्रिप्ट चालली तर कुलूपही लागते आणि बेरीजही येते. नाही चालली, तर अर्जदार स्वतः बेरीज करून आकडा टाइप करतो.