क्लेम आला की बघू

सहा हजारी शिखर चढताना सगळ्यात अवघड काय वाटलं, असं कुणी विचारलं की मी फोर्टमधल्या एका विमा कार्यालयाचा दुसरा मजला सांगते. लोकांना वाटतं मी गंमत करतेय.

शिखर म्हणजे लडाखमधलं कांग यात्से-२, उंची ६,२५० मीटर. तिथलंच स्टोक कांगरी हे लोकप्रिय शिखर २०२० मध्ये बंद केलं, त्यामुळे पहिल्यांदा सहा हजारांवर जाणारे बरेच जण हल्ली इकडे वळतात. मी चाळिशी ओलांडलेली, मुलुंडची, नोकरी अकाउंट्समध्ये, सह्याद्रीतली भटकंती लग्नाआधीपासूनची. परवानगी आयोजकांनी काढली, बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाला लावायचे काटे) लेहला भाड्याने मिळाले, साहेबांनी कुरकुरत का होईना रजा दिली. यातल्या कशावरच लिहिण्यासारखं काही नाही.

घोडं अडलं ते आयोजकांच्या फॉर्ममधल्या शेवटच्या ओळीवर. ‘६,००० मीटरवरील गिर्यारोहणात अपघात किंवा आजार झाल्यास आपली पॉलिसी लागू आहे, असे विमा कंपनीचे पत्र जोडावे.’ ओळ वाचून मला बरंच वाटलं होतं. आमची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक आरोग्य पॉलिसी, जुनी, हप्ता कधी चुकला नाही, एक पत्र मागायचं त्यात काय! लंच टाइममध्ये जाऊन येऊ म्हटलं.

काउंटरवरच्या मुलाने ‘माउंटेनिअरिंग’ एवढंच ऐकलं आणि पॉलिसीच्या पुस्तिकेत बोट ठेवलं. “मॅडम, एक्सक्लुजनमध्ये येतं.” मी चष्मा काढला आणि त्याचं बोट बाजूला करून अख्खं कलम वाचलं. विमा नियामकाने सगळ्या आरोग्य पॉलिसींसाठी ठरवून दिलेल्या अपवादांपैकी हा नववा. पॅराजंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग अशी यादी आहे खरी, पण जो व्यावसायिक म्हणून यात उतरतो त्याच्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, असं त्यात लिहिलंय.

“मी पगार घेते तो टॅली भरण्याचा,” मी म्हटलं. “डोंगर चढायला मला कुणी पैसे देत नाही, उलट मीच भरलेत.”

“बरोबर आहे मॅडम.”

“मग कव्हर आहे असं लेखी द्या.”

“तसं देता येत नाही.”

“मग कव्हर नाही असं द्या.”

“तसंही देता येत नाही. क्लेम आला की बघू.”

म्हणजे पॉलिसी चालते की नाही हे कळायला आधी मी पाय मोडून घ्यायचा. तो बिचारा नवा होता, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याने मला आतल्या साहेबांकडे पाठवलं, साहेबांनी हेड ऑफिसला मेल करा म्हटलं, हेड ऑफिसकडून मेलला उत्तर म्हणून पॉलिसीची तीच पुस्तिका आली. पुन्हा गेले तर काउंटरवर दुसरं कुणीतरी, पुन्हा पहिल्यापासून कीर्तन. एकदा तर त्या बाईंनी मलाच समजावलं, “कशाला जाताय एवढ्या वर? मुलं लहान असतील ना?” मुलं कॉलेजात आहेत. आणि प्रश्न आईने विचारला असता तर मी ऐकून घेतला असता, पॉलिसी विकणाऱ्या खिडकीने तो विचारावा याचा मला आजही राग येतो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तोंडी बोलू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या. अर्जात शिखराचं नाव, उंची, तारखा आणि ‘हौशी म्हणून, कोणताही मोबदला न घेता’ हे स्पष्ट लिहा. कलमाचा क्रमांक लिहा. मी शेवटी हेच केलं आणि खाली एक ओळ टाकली, की एक महिन्यात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्यांकडे, जाईन. त्यांचं मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत. जावं लागलं नाही. ती ओळ टाकल्यावर जे पत्र आधी कुणालाच देता येत नव्हतं, ते आलं. हौशी सहभागाला सदर अपवाद लागू नाही, इतर अटी लागू. एवढंच. मी ते पत्र लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि शेजारणीलाही वाचायला दिलं, ओळख नव्हती तरी.

या वाट पाहण्यात एक झालं. घरी जो विषय सगळे टाळत होते तो जेवणाच्या टेबलावर आला. सासूबाईंनी ऑक्टोबर २०२२ ची बातमी लक्षात ठेवली होती. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर हिमप्रपातात सापडली, २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. गेलेल्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. “ती एवढी शिकलेली, तिला नाही कळलं, तुला कळणार?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शिखर साडेपाच हजारांच्या थोडंच वर आहे, कांग यात्सेपेक्षा बुटकं. म्हणजे उंची कमी म्हणून धोका कमी, हे माझं लाडकं वाक्य सासूबाईंनी एका फटक्यात उडवलं.

तरीही मी गेले, आणि जाणं योग्य होतं असं मला वाटतं. पण माझी रेघ मी आखली आहे. कुठल्या वाटेवर कधी हिम कोसळेल हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. मात्र डोकं दुखायला लागल्यावर उलटं फिरणं माझ्या हातात असतं. सहा हजारांवर, चांगला म्होरक्या असेल तर, उतरून खाली येता येतं. आठ हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, तिथे माणूस थांबला तरी झिजत असतो आणि त्याला उचलून आणायची ताकद दुसऱ्यातही नसते. ते माझ्यासाठी नाही. शिवाय तिथला धोका फक्त आपला नसतो. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे हिमनदीच्या तुटक्या उतारावर, बर्फ कोसळून १६ जण गेले, सगळे नेपाळी कामगार, दुसऱ्यांच्या मोहिमांचं सामान वाहणारे. नेपाळ सरकारने तातडीची मदत जाहीर केली ती प्रत्येकी ४०,००० नेपाळी रुपये. त्यावर शेर्पा चिडले, कामं थांबली, मग त्यांच्या सक्तीच्या विम्याची रक्कम वाढवली. फोर्टच्या खिडकीत उभी राहून मी माझ्या एका पत्रासाठी भांडत होते, तेव्हा हे वारंवार आठवत होतं. लेहला आयोजकांना मी पहिला प्रश्न विचारला तो पोर्टरच्या विम्याचा. तुम्हीही विचारा. उत्तर द्यायला जो घुटमळतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

तब्येतीचं विसरलेच. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, रक्त, सगळं करून घ्या, पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे उंची मानवेल असं नाही. मुंबईत राहून उंचीची तयारी होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि उंचीचा त्रास साधारण अडीच हजारांच्या पुढे सुरू होतो. आमच्यात एक जिममधला पोरगा होता, दंड बघत राहावे असे. बेस कॅम्पला संध्याकाळी त्याने चहाचा वास आला म्हणून कप लांब ढकलला, मग ओकला, मग बुटाची नाडी बांधता येईना. बोटं नाडीभोवती नुसती फिरत होती. म्होरक्याने वाद घातला नाही, काळोखातच दोन माणसं देऊन खाली पाठवलं. खाली गेल्यावर तो सुधारला. मी आमच्या सोसायटीचे चौदा मजले पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन चढून तयारी केली होती, आणि माझं फक्त डोकं जड झालं. यात माझं काही कर्तृत्व नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हे मात्र आपल्या हातात असतं. स्वस्तातले कार्यक्रम नेमके इथेच दिवस वाचवतात. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरला विचारून, आणि आधी घरी एकदा घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात.

शिखर झालं. सकाळ होती, वारा होता, फोटोत माझं नाक तेवढं दिसतं.

पत्राबद्दल आणखी एक, जे मला नवऱ्याने दाखवलं. ती आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाची आहे. डोंगरावरून खाली आणण्याचा, हेलिकॉप्टरचा खर्च तिच्यात नव्हता. आमच्या अपघात विम्यात तर गिर्यारोहण सरळच वगळलेलं होतं, तिथे हौशी-व्यावसायिक असा भेदही नाही. मग बचावासकट वेगळं कव्हर घ्यावं लागलं, आणि त्यातही किती उंचीपर्यंत, हे पाहायचं. बऱ्याच ट्रेक पॉलिसी सहा हजारांच्या आत संपतात. टर्म इन्शुरन्सच्या फॉर्मवर छंद विचारतात तिथे गिर्यारोहण लिहा, हप्ता वाढला तर वाढू दे. लपवलं आणि क्लेम अडकला तर त्या खिडकीसमोर घरच्यांना उभं राहावं लागेल, आणि त्यांना कलम क्रमांक नऊ माहीत नसणार.