सातव्या पडद्याचं टोक

मी मिरजेत तंबोरे आणि सतारी दुरुस्त करायला शिकलो. जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती झणझण, लावताना सगळा कान घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या आधारावर असतो, तार तिथे किती आणि कुठे घासते यावर. ते घासणं हवंच असतं, त्याशिवाय तंबोरा बोलत नाही. पुढे मॅन्डोलिनची कामं येऊ लागली तेव्हा हाच कान मला उलटा वळवावा लागला. इथे थरथरणारी तार पडद्याला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या काडीला, जराही घासली की स्वर फाटतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी एक काका पिशवीत गुंडाळलेलं मॅन्डोलिन घेऊन आले. तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. म्हणाले, "दोन कामं आहेत. खरखर काढा, आणि तारा जरा खाली घ्या. दाबताना बोटं दुखतात. आता वयही झालंय म्हणा."

दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. तारा खाली घेतल्या की खरखर वाढते, खरखर घालवायची तर तारा वर न्याव्या लागतात. मी बाराव्या पडद्यावर पट्टी लावली. तारेखाली तीन मिलिमीटर जागा! एरवी दीड ते दोन पुरतात. इतक्या उंच तारेला खरखरायचं कारणच नव्हतं, तरीही पहिल्या जोडतारेवर, म्हणजे सगळ्यात बारीक जोडीवर, पाचव्या आणि सहाव्या पडद्याला स्वर चिरकत होता. सातव्याला मात्र स्वच्छ.

ही खूण मला महत्त्वाची वाटली. ज्या पडद्यावर बोट आहे तिथे दोष क्वचितच असतो. तार कंप पावते ती बोटाच्या पुढे, घोडीच्या बाजूला, म्हणून आधी पुढचे पडदे बघायचे. एक छोटी पोलादी पट्टी तीन-तीन पडद्यांवर ठेवत गेलो. सहा, सात, आठवर ती डुलली. सातव्याचं बारीक तारेकडचं टोक खाचेतून उचललं होतं. नखाने दाबलं तर खाली जायचं, सोडलं की वर. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. वर्षानुवर्षं हे चाललं की खाचेची पकड ढिली होते.

आता तीन मिलिमीटरचाही उलगडा झाला. आधी कुणीतरी खरखर ऐकून ब्रिजची, म्हणजे घोडीची, उंची वाढवणारी चाकं फिरवत नेली होती. खरखर थोडी दबली, तारा उंच झाल्या, आणि काकांनी दोष आपल्या बोटांना दिला. मला याचं फार वाईट वाटलं. किती दिवस ते वाद्य बाजूला पडलं होतं, हे मी विचारलं नाही.

तारा ढिल्या केल्या. ब्रिज तारांच्या दाबावरच उभा असतो, म्हणून आधी त्याच्या जागेवर पेन्सिलची खूण. पोटावर पुठ्ठा ठेवला, खाचेत पातळ सुपरग्लू सोडला, टोक लाकडी ठोकळ्याने दाबून क्लॅम्प लावला. काकांना म्हटलं, उद्या या.

सकाळी पट्टी ठेवली तर अजून केसभर डुलत होती. पडद्यांच्या माथ्यावर मार्करची शाई लावली आणि सपाट कानस हलकेच फिरवली. सातव्यावरची शाई सगळ्यांत आधी उडाली. शाईचा सारखा पट्टा सगळीकडून निघाला तेव्हा थांबलो. मग पडद्यांना पुन्हा गोलाई दिली, कारण माथा सपाट राहिला तर स्वर अचूक लागत नाही. शेवटी बारीक पॉलिश पेपर.

मग ब्रिज खाली घेतला. बारावा पडदा तारेच्या मध्यावर, म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर ब्रिज दोनने खाली घ्यावा लागतो. बारीक तारेकडे दीड, जाड तारेकडे पावणेदोनवर थांबलो. तार खाली आली की दाबताना ती कमी ताणली जाते, त्यामुळे दाबलेला स्वर पहिल्यापेक्षा किंचित उतरतो. म्हणून ब्रिज खुणेपासून अगदी थोडा मानेकडे सरकवला. बाराव्यावर दाबलेला स्वर आणि तिथला हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर, एक होईपर्यंत.

काका आले. आधी त्यांनी दुसरी जोडी सातव्यावर दाबून मोकळ्या पहिल्या जोडीशी जुळवली, जुन्या वादकांची सवय. मग करंगळीने पहिल्या जोडीवर पाचवा, सहावा, सातवा. पुन्हा पाचवा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरे, करंगळी चालतेय की!"

मग त्यांनी चारही जोड्या एकदम जोरात छेडल्या आणि मागून बारीकशी किणकिण आली. मी पुढे झालो, तारा जिथे अडकवतात तिथलं पत्र्याचं झाकण बोटाने दाबून धरलं.

"काका, परत वाजवा."

किणकिण थांबली. बनातीचा एक तुकडा कापला आणि झाकणाखाली सरकवला.