डोळ्यांच्या प्रयोगाला जाताना काजळ लावू नका – माझा अनुभव

मी बंगळुरूत राहते. इथल्या एका संशोधन संस्थेत डोळे आणि हात यांच्या हालचालींवर प्रयोग चालू आहे, त्याला व्हॉलंटियर म्हणून तीन वेळा जाऊन आले. पहिला दिवस पूर्ण वाया गेला आणि तो राग अजून डोक्यात आहे म्हणून लिहितेय, निदान दुसऱ्या कुणाची सुट्टी तरी वाचेल.

विषय मला मनापासून आवडला म्हणूनच गेले होते. आपण काही घ्यायला हात पुढे करतो तेव्हा डोळा तिथं आधीच पोचलेला असतो. समोर ठिपका उमटला की साधारण २०० मिलिसेकंदात डोळा तिकडे उडी मारतो, हात मागून हलतो. आता दोघांना हुकूम एकच जातो का वेगवेगळा, आणि ऐनवेळी ठरवलेलं रद्द करायचं झालं तर दोघं एकदम थांबतात का, हे त्यांना बघायचंय.

फॉर्म, सही, कुठल्या हाताने लिहिता-जेवता-कात्री धरता त्याचे प्रश्न, हे सगळं पंधरा मिनिटात झालं. मग अंधारी खोली, हनुवटी स्टँडवर, कपाळ वरच्या पट्टीला टेकवलेलं, बोटाला सेन्सर, आणि पुढे तिरका आरसा ज्यात ठिपके दिसतात, हात त्याच्या खाली असतो त्यामुळे तो दिसत नाही.

आणि मग कॅलिब्रेशन. इथंच सगळं अडलं.

म्हणजे काय, तर कॅमेऱ्याला शिकवायचं की ही बाई इथं बघते तेव्हा तिची बाहुली अशी दिसते. नऊ ठिपके एकेक करून येतात, प्रत्येकाकडे नीट बघायचं. डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश सोडलेला असतो (आपल्याला तो दिसत नाही) आणि कॅमेरा बाहुली आणि बुबुळावर पडलेली त्या प्रकाशाची चमक, दोन्ही पकडतो. माझा चष्मा साडेचार नंबरचा. काचेवरही तीच चमक, ती नेमकी बाहुलीवर. प्रयोग घेणारा मुलगा पीएचडी करणारा, बिचारा शांत होता, त्याने कॅमेरा खाली घेतला, खुर्ची वर केली, चष्म्याच्या काड्या कानावरून थोड्या उचलून काचा तिरक्या करून बघितल्या. प्रत्येक वेळी नऊ ठिपके, मग परत नऊ ठिपके तपासणीचे, आणि चूक (मी बघते ती जागा आणि कॅमेऱ्याला वाटते ती जागा यातला फरक) दोन अंशाच्या वर. हात लांब करून अंगठा बघितला तर तो जेवढा रुंद दिसतो ना, ते साधारण दोन अंश. त्यांना हवी अर्ध्या अंशाच्या आसपास.

पाचव्या-सहाव्या वेळेला तो म्हणाला, मॅम, तुम्ही काजळ लावलंय का? हो, लावलंय, रोज लावते, ऑफिसातून थेट आले होते. तर गडद काजळ किंवा मस्कारा असला की सॉफ्टवेअर त्यालाच बाहुली समजतं! मग ओला कापूस घेऊन पुसायला गेले, तेलकट काजळ ते, सगळं पसरलं, डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं आणि पाणी आल्यावर तर कॅमेऱ्याला काहीच धड दिसेना. सत्तर मिनिटं मान एका जागी धरून बसले आणि एकही ट्रायल, म्हणजे खऱ्या प्रयोगाची एक फेरी, झाली नाही. ट्रायल नाही म्हणून मानधन नाही, फक्त रिक्षाचे पैसे. मला पैशाचं एवढं नव्हतं, पण "चष्मा असेल तर लेन्स लावून या, काजळ नको" ही एक ओळ बोलावण्याच्या मेसेजमध्ये टाकायला काय लागतं? माझी अर्धी रजा गेली ना.

दुसऱ्यांदा सॉफ्ट लेन्स लावून गेले, तोंड धुऊन. तिसऱ्या प्रयत्नात चूक ०.४ अंश! मला खरंच दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मात्र तेव्हा कळली, पुढचा ठिपका कुठं येईल याचा अंदाज बांधून डोळा आधीच पळतो, तसं करू नका, आहे तो ठिपका जाईपर्यंत त्याच्यावरच थांबा.

खरा प्रयोग मग सोपा वाटला. ठिपका उमटला की डोळा आणि बोट दोन्ही तिकडे, पण सुरुवातीला ज्याच्याकडे बघत असतो तो मधला ठिपका परत दिसला तर थांबायचं. माझं जवळजवळ निम्म्या वेळा चुकत होतं, घरी येऊन रात्री झोप नाही, वाटलं माझ्यातच काही कमी आहे. शेवटच्या दिवशी कळलं की तुम्ही थांबू शकलात की पुढच्या वेळी थांबण्याची खूण आणखी उशिरा येते, चुकलात की लवकर, म्हणजे निम्म्या वेळा चुकावं अशीच रचना असते. तुमचं चुकलं तर घाबरू नका. आणि काही वेळा डोळा निघून गेलेला आणि हात मात्र जागेवर, हे मला स्वतःला जाणवलं, अंगावर काटा आला. हात निघायला उशीर लावतो, म्हणून त्याला थांबायला वेळ मिळतो.

तेव्हापासून चहा करताना माझं लक्ष जातं, हात साखरेच्या डब्यात असतो आणि डोळे चहा पावडरीवर पोचलेले. इंग्लंडमध्ये १९९९ साली चहा करणाऱ्यांवरच असा अभ्यास झालाय, त्यात डोळे हाताच्या साधारण अर्धा सेकंद पुढे निघाले.

हां, लेन्सची डबी आणि ड्रॉप्स बरोबर ठेवा, एसीत डोळे कोरडे पडतात. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, पापणी जड झाली की बाहुली अर्धी झाकते आणि परत ते नऊ ठिपके.

निघताना त्या मुलाला सांगून आले, मेसेजमध्ये काजळाची ओळ घाल. घालतो म्हणाला. परवा माझ्या मैत्रिणीला त्यांचा मेसेज आला, ती ओळ नव्हती. मग मीच तिला फोन करून सांगितलं.