नऊ चौकांचे मंदिर

चीनच्या शांतुंग प्रांतातील चुफू गावी असलेल्या कन्फ्यूशियसच्या मंदिराची सुरुवात एका साध्या घरापासून झाली. इ.स.पू. ४७९ मध्ये त्याचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी लू राज्याच्या अधिपतीने त्याचे राहते घर पूजास्थान म्हणून राखले, अशी परंपरा आहे. इ.स.पू. १९५ मध्ये हान सम्राट काओत्सू याने स्वतः येथे येऊन पूजा केली आणि त्यानंतर एकामागून एक राजवंशांनी या जागेत भर घातली. आज दक्षिणोत्तर एका सरळ रेषेत, एक किलोमीटरहून अधिक लांबीवर, नऊ चौक एकामागून एक उलगडत जातात. आपल्या पेठांतील वाड्यांचे चौक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

शेवटाकडे असलेले दाछंग सभागृह नऊ खणांचे आहे आणि त्यावर पिवळी चकाकती कौले आहेत. नवाचा आकडा आणि पिवळा रंग हे दोन्ही सम्राटाचे मान होते, ते एका शिक्षकाला मिळाले. त्याच्या ओसरीला २८ दगडी खांब असून दर्शनी दहांवर प्रत्येकी दोन ड्रॅगन ढगांमधून एकमेकांकडे झेपावताना इतके खोल कोरले आहेत की, सम्राटाला मत्सर वाटू नये म्हणून त्याच्या भेटीच्या वेळी ते झाकून ठेवत, असे सांगतात.

मला मात्र या खांबांपेक्षा ख्वेवन हा ग्रंथसंग्रहाचा मजली वाडाच अधिक मोलाचा वाटतो. तो प्रथम १०१८ मध्ये उभा राहिला आणि आजचे त्याचे रूप १५०४ च्या सुमाराचे आहे. १६६८ च्या भीषण भूकंपात शांतुंगमधील असंख्य घरे कोसळली, हा वाडा टिकला. खांबाच्या माथ्यावर लाकडी ठोकळे आणि आडवे हात एकावर एक असे रचतात की ते केवळ खाचा-कुसवांनी एकमेकांत बसतात. भार तुळईकडून खांबाकडे उतरतो, आणि जमीन हलली तरी सांधे थोडे सरकून तो धक्का पचवतात. ही जोडणी मला या साऱ्या संकुलातील सर्वांत मोठी विद्या वाटते.

आगीपुढे मात्र या विद्येचे काही चालले नाही. १४९९ मध्ये आणि पुन्हा १७२४ मध्ये मंदिराचा मोठा भाग भस्मसात झाला. दुसऱ्या आगीनंतर सम्राट युंगचंगच्या आज्ञेने सभागृह १७३० मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. १८२८ च्या आगीनंतर आपल्याकडे तट, दरवाजे आणि जोती उरली, कारण पेशवाईच उरली नव्हती. चुफूत मात्र राजाश्रय होता आणि पिढ्यानपिढ्या पूजा चालवणारे कन्फ्यूशियसचे वंशजही. १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, माओच्या तरुण अनुयायांनी म्हणजे रेड गार्ड्सनी मूर्ती व शिलालेख फोडले. सभागृहातील आजची मूर्ती त्यानंतर नव्याने घडवलेली आहे, आणि १९९४ मध्ये मंदिर, वंशजांचा वाडा व दफनभूमी मिळून हे स्थळ जागतिक वारसा यादीत गेले.