सेलरीला रोजचं पाणी

बुधवार, रात्री

उद्या आमच्या भागात पाणी बंद आहे, म्हणून आत्ताच दोन बादल्या भरून बाल्कनीत ठेवल्या, खास सेलरीसाठी. कढीपत्ता, मिरची एखादा दिवस सहज काढतात, कोरफडीकडे तर आठवडाभर बघितलं नाही तरी चालतं, पण सेलरीचं तसं नाही. तिची माती कोरडी पडली की पानं माना टाकतात, पाणी दिलं की परत उभी राहतात हे खरं, पण दांड्यांचं नुकसान तोवर झालेलं असतं, ते आतून पोकळ पडतात, दोरे चरबट होतात आणि चव कडू लागते.

आमच्या सासूबाईंना हे रोजचं पाणी अजिबात पटत नव्हतं. ‘अगं रोज काय ओततेस त्यात, मुळं कुजतील ना!’ त्यांचं चूक नाही, कोथिंबीर न् मेथी लावून हात बसलेला आहे त्यांचा. मी म्हटलं आई, ही मूळची दलदलीतली, युरोपात समुद्राकाठच्या पाणथळ जागेत आपोआप उगवायची, तिची मुळं खोल जातच नाहीत, वरच्या वीतभर मातीत पसरतात आणि नेमकी तीच माती आधी सुकते. दांड्यात ९५ टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणीच असतं, मग ते येणार कुठून?

अर्थात पाणी रोज द्यायचं म्हणजे चिखल करायचा असं नाही. आमच्या कुंड्या रुंद आहेत, खाली भोकं मोकळी आहेत, माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट. सकाळी चहा ठेवायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघते. ओल लागली तर थोडंच, नाही लागली तर खालच्या ताटलीत उतरेपर्यंत, आणि ताटलीतलं उरलेलं संध्याकाळी तुळशीला. पाणी द्यायचं ते बुंध्याशी, मधल्या कोवळ्या पानांच्या गुच्छात साचू द्यायचं नाही कारण तिथे कूज धरते. मातीवर सुका पालापाचोळा पसरलाय त्याने खरंच फार फरक पडला, दुपारचं ऊन बाल्कनीत येतं तरी खालची माती गार राहते.

बी लावलं होतं गणपती झाल्यावर. खसखशीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये साधारण २,५०० बिया बसतात, आणि त्याला उगवायला उजेड लागतो म्हणून मातीखाली पुरायचं नाही, वर नुसतं भुरभुरवून स्प्रेने ओलं ठेवायचं. दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, तिथेच बरेच जण ट्रे रिकामा करून टाकतात. प्लीज टाकू नका! बाजारातून आणलेल्या जुडीचा बुडखा वाटीत पाण्यात ठेवला तरी मधून नवी पानं फुटतात, मग तो मातीत लावायचा, पण त्याला बहुतेक पानं आणि बारीक दांडेच येतात, सूपपुरते.

मागच्या रविवारी भाची आली होती, तिच्यासाठी एक दांडा कापून निळा खायचा रंग घातलेल्या ग्लासात उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओरडतच आली, मावशी पानं निळी झाली! दांडा आडवा कापून दाखवला तर बाहेरच्या गोल कडेला निळे ठिपके ओळीने, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या. दाताखाली येणारे दोरे बहुतेक त्यांच्या बाहेरच्या बाजूला, उंचवट्यांच्या आत असतात, ते दांड्याला ताठ धरतात. कितीतरी वेळ आम्ही दोघी एकेक ठिपका सुईने उचकटून बघत बसलो होतो.

ते बघितल्यावर काळीज काळं पडायचा रोगही नीट समजतो. सेलरीची अगदी मधली कोवळी पानं कडेने काळी पडायला लागतात तेव्हा ती बहुतेक वेळा बुरशी नसते, कॅल्शियमची कमतरता असते. पण आपल्याकडच्या काळ्या मातीत चुना काही कमी नसतो, अडचण असते ती पोचण्याची, कॅल्शियम याच नळ्यांतून पाण्याबरोबर वर चढतं आणि आतल्या मिटलेल्या पानांतून पाणी फारसं उडत नाही म्हणून त्यांच्या वाट्याला ते सगळ्यात कमी येतं. त्यात पाणी दोन दिवस बंद आणि तिसऱ्या दिवशी बदाबदा असं झालं की संपलंच. म्हणून कुणी अंड्याची टरफलं घालू का विचारलं की मी म्हणते घाला, पण आधी पाण्याची वेळ पाळा, टरफलं विरघळायला फार वेळ लागतो.

पुण्यातली हवा सेलरीला आत्ता मानवतेय, तिला १५ ते २१ अंश आवडतं. मार्चमध्ये ऊन तापलं की कुंड्या आतल्या बाजूला घ्याव्या लागणार आणि पाणी दोन वेळा. रोपं लहान असताना बरेच दिवस गारठा लागला असेल तर फुलाचा दांडाही लवकर येतो, मग भाजीचे दांडे चिवट होतात.

सध्या बाहेरचे दांडे एकेक करून बुडापासून मोडून घेते, मधलं वाढू देते. कोवळा दांडा मोडताना कट्कन आवाज येतो आणि लगेच बोटावर पाणी येतं. दांडे सूपमध्ये जातात, पानं मी टोमॅटोच्या साराला शेवटी घालते, अगदी चार-पाचच, वास उग्र असतो. सासूबाईंनी काल स्वतःहून मागितली साराला. एका कुंडीला हात लावणार नाहीये, तिला फुलावर येऊ देणार, कोथिंबिरीसारखीच पांढरी छत्री येईल आणि बी धरलं तर पुढच्या वर्षी विकत आणायला नको.